चोरावर मोर, पण तोलामोलाचा

कोल्हापुरात कुस्तीचे मैदान ठरले की जी चर्चा सर्वांत आधी सुरू होते ती इनामाची नसते, जोडीची असते. अमक्याची जोड तमक्याशी लागली हे कळले की निम्मे मैदान मनातल्या मनात होऊन जाते, आणि जोड विजोड असेल तर मल्ल कितीही नावाजलेला असो, लोक तेवढ्या वेळात चहाला उठतात. चोरांच्या फँटसी कादंबऱ्यांत एवढे काय आहे, असे मला घरचे, शेजारचे आणि वाचनालयात भेटणारे पुष्कळजण विचारतात, तेव्हा मी सुरुवात या जोडीपासूनच करतो. चोर फार हुशार होता असे लेखकाने दहादा लिहिले तरी ते पटत नाही. त्याच्यासमोर कोण शड्डू ठोकून उभा आहे, यावरून वाचक त्याची किंमत ठरवतो. या कादंबऱ्यांची सारी रचना, त्यातली जादू, लपवलेले बेत आणि शेवटची कलाटणी, या एका गोष्टीभोवती कशी फिरते हे समजावून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

ज्या कथेतले जग लेखकाने स्वतः रचलेले असते आणि जादू हा त्या जगाच्या रोजच्या व्यवहाराचा भाग असतो, तिला ढोबळमानाने फँटसी म्हणतात. तिचे नाव काढले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे राजपुत्र, तलवार, राक्षस आणि साऱ्या पृथ्वीवर आलेले संकट उभे राहते. चोरांच्या कादंबरीत पृथ्वी वाचवायची नसते. खोलीचे भाडे थकलेले असते, कोणाचे तरी जुने देणे असते, आणि कुठल्यातरी बंद दाराआड एक मौल्यवान वस्तू असते. त्यामुळे ही कथा रानावनात रमत नाही. तिला शहर लागते, तेही जुने, दाटीवाटीचे, जिथे वाड्याच्या मागच्या भिंतीला झोपडी टेकलेली असते आणि एका कौलावरून दुसऱ्या कौलावर जाता येते. गंगावेशीपासून महाद्वारापर्यंतचे आतले बोळ ज्याने पायी तुडवले आहेत, त्याला असे शहर कल्पनेत उभे करायला वेळ लागत नाही.

या प्रकाराचे आधुनिक रूप घडवण्यात अमेरिकन लेखक फ्रिट्झ लायबर यांचा वाटा मोठा आहे. १९३९ मध्ये त्यांनी एका मासिकात फाफर्ड आणि ग्रे माउझर या दोन साहसी भटक्यांची पहिली गोष्ट छापली. फाफर्ड उत्तरेकडचा धिप्पाड गडी, तर माउझर लहानखुरा आणि चपळ. त्यांच्या गोष्टींतील लांखमार या शहरात चोरांचा रीतसर संघ आहे आणि संघाबाहेरच्या माणसाने तिथे चोरी करणे हा संघाच्या दृष्टीने अक्षम्य गुन्हा आहे. ही जोडी पहिल्यांदा एकत्र कशी आली याची कथा मात्र लायबर यांनी बरीच उशिरा, १९७० मध्ये प्रसिद्ध केली आणि तिला ह्यूगो आणि नेब्युला असे विज्ञानकथा आणि फँटसीच्या क्षेत्रातले दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले. संघाचे दोन चोर जवाहिऱ्याला लुटून परत निघाले आहेत, आणि फाफर्ड व माउझर हे तोवर एकमेकांना न ओळखणारे दोघे, एकाच रात्री एकाच बोळात, त्या चोरांनाच लुटायला टपून बसले आहेत. चोरावर मोर, आणि एक सोडून दोन मोर. त्या क्षणी ते दोघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी होऊ शकले असते. ते मित्र होतात, आणि संघ त्यांचा वैरी होतो. पुढच्या अनेक लेखकांनी हा संघ वेगवेगळ्या नावांनी वापरला आहे.

हे सारे इंग्रजीतून आले असे मानणाऱ्यांना मी शर्विलकाकडे पाठवतो. शूद्रकाचे मृच्छकटिक गोविंद बल्लाळ देवलांनी मराठी संगीत रंगभूमीवर आणले, त्यामुळे चारुदत्त आणि वसंतसेना आपल्याला परके नाहीत. पण त्या नाटकाच्या तिसऱ्या अंकात चारुदत्ताच्या घराला भोक पाडणारा हा ब्राह्मण चोर जितक्या लक्षपूर्वक वाचायला हवा तितका वाचला जात नाही. तो आधी भिंत तपासतो आणि रोज पाणी पडून कुठली जागा भुसभुशीत झाली आहे ते पाहतो. भाजलेल्या विटा ओढून काढायच्या, कच्च्या विटा कापायच्या, मातीच्या भिंती भिजवायच्या आणि लाकडाच्या फोडायच्या, हे शास्त्र तो स्वतःशीच उजळतो. मग भोकाचा आकार कोणता असावा, उमललेल्या कमळासारखा, सूर्यासारखा, चंद्रकोरीसारखा की स्वस्तिकासारखा, याचा विचार करून भाजलेल्या विटांच्या भिंतीत पूर्णकुंभच शोभून दिसतो असा निर्णय घेतो. मोजमापाची दोरी घरी विसरली आहे हे लक्षात आल्यावर तो गळ्यातले जानवे काढून त्याने माप घेतो, आणि ब्राह्मणाला जानवे किती कामांना उपयोगी पडते याचे कौतुकही करतो. दार करकरू नये म्हणून त्यावर पाणी शिंपडतो. दिवा विझवण्यासाठी त्याच्याजवळ खास पाळलेला किडा आहे.

या साऱ्याच्या ओघातच शर्विलक आणखी एक गोष्ट सांगून जातो. त्याच्या गुरूने त्याला एक लेप दिला आहे, जो अंगाला लावला की पहारेकऱ्यांना तो दिसत नाही आणि शस्त्र लागले तरी वेदना होत नाही. ही उघडउघड जादू आहे. तरीही तो भिंत मोजतो, दाराला पाणी लावतो आणि भोकातून स्वतः शिरण्याआधी एक बनावट माणूस आत ढकलून पाहतो. दंडीच्या दशकुमारचरित या संस्कृत कथाग्रंथातला अपहारवर्मा याच जातीचा. चंपानगरीतल्या कंजूष धनिकांना संपत्ती नाशवंत असते हे शिकवायचे म्हणून तो चौर्यशास्त्राचा आचार्य मानल्या गेलेल्या कर्णीसुताच्या मार्गाने जायचे ठरवतो, आणि त्याच्या सामानाची यादी वाचताना एखाद्या कसबी कारागिराची पेटी उघडल्यासारखे वाटते: पहार, चिमटा, दोर, माणसाचे खोटे डोके, मापाची दोरी आणि दिवे विझवायला भुंग्यांची डबी. त्यातच मंतरलेली पूड आणि मंतरलेली वातही आहे. मंतरलेल्या पुडीशेजारी मोजमापाची दोरी ठेवणे, हा सगळा प्रकार इतक्या थोडक्यात दाखवणारी दुसरी जागा मला माहीत नाही.

जादू आणि कसब दोन्ही का लागतात, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. समजा, चोराजवळ अशी जादू आहे की मनात आणले की कुठलेही दार उघडते. मग त्याच्या चोरीत पाहण्यासारखे काय उरले? उलट पहाऱ्याची जादू अशी असली की तिला काहीच चुकवता येत नाही, तर चोरी सुरूच होणार नाही. म्हणून या कादंबऱ्यांतली जादू मर्यादित असावी लागते, तिला खर्च असावा लागतो, आणि तिचे नियम वाचकाला वेळेवर कळावे लागतात. अमेरिकन लेखक ब्रँडन सँडरसन यांनी २००७ मध्ये एका लेखात हा विचार नियमासारखा मांडला. वाचकाला एखादी जादू जितकी नीट समजलेली असेल, तितक्याच प्रमाणात लेखकाला तिच्या बळावर कथेतली अडचण समाधानकारकपणे सोडवता येते, असे त्यांचे म्हणणे आहे. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या त्यांच्या ‘मिस्टबॉर्न’ मालिकेच्या पहिल्या कादंबरीत चोरांची एक टोळी आहे आणि त्या जगातले काही लोक धातूचे कण गिळून ते पोटात ‘जाळतात’. पोलाद जाळले की जवळच्या धातूला मनाने ढकलता येते. जमिनीवर पडलेल्या नाण्याला खाली ढकलले की नाणे जमिनीत जाऊ शकत नाही, म्हणून ढकलणारा माणूस वर उडतो. आपल्यापेक्षा जड लोखंडाला ढकलले की लोखंड जागचे हलत नाही आणि आपणच मागे फेकले जातो. शाळेतल्या विज्ञानाच्या तासाची आठवण करून देणारी ही जादू आहे. गिळलेला धातू संपला की ती थांबते, त्यामुळे प्रत्येक झुंजीत वाचक मनाशी हिशेब करत राहतो.

आता जोड, जादू आणि लपवलेला बेत ही तिन्ही एकत्र कशी चालतात ते एका उदाहरणाने पाहू. उदाहरण माझे आहे, कुठल्या पुस्तकातले नाही. आपल्या गुजरीसारखी सराफांची एक जुनी गल्ली कल्पनेत आणावी. तिथल्या एका पेढीत एक दुर्मीळ साज आहे. पेढीच्या उंबऱ्याशी मंतरलेली समई तेवते आणि मनात खोटे बाळगून कोणी उंबरा ओलांडला की ती आपोआप विझते. संध्याकाळनंतर पेढीत दुसरा दिवा लावायचा नाही अशी घराण्याची रीत आहे. पावसाळा तोंडावर आल्याने गल्लीत सगळीकडे कौले काढून पुन्हा बसवण्याचे काम चालले आहे, हे लेखकाने वर्णनाच्या ओघात, जाता जाता सांगून ठेवले आहे.

आपला चोर बेत आखतो. समईला खोटे बोलणारा माणूस कळतो, पण जो खोट्यालाच खरे समजून बोलतो तो कळत नाही. म्हणून साज गाठवणाऱ्या एका भोळ्या पटवेकऱ्याच्या हाती बनावट चिठ्ठी द्यायची; मालकाने साज नव्याने गाठवायला मागवला आहे असे त्याला मनापासून वाटत असल्यामुळे समई तेवत राहील, आणि सराफ साज त्याच्या हाती देईल. हा बेत वाचकाला पूर्ण सांगितला जातो. पण शहरात दुसरा एक चोर आहे, याच्याच तोडीचा. त्यालाही समईची मर्यादा ठाऊक आहे. तो बोळात पटवेकऱ्याला गाठतो, चिठ्ठी बनावट असल्याचे सांगतो, आणि धाक दाखवून त्याला तसाच पुढे पाठवतो. आता पटवेकऱ्याच्या मनात खोटे आहे. तो उंबऱ्यावर पाय ठेवतो, समई विझते, पहारेकरी अंधारात दाराकडे धावतात आणि बेत फसतो.

फसतो असे आपल्याला वाटते, आणि तेवढ्यात लक्षात येते की समई फक्त उंबऱ्याची राखण करत होती. चोर उंबऱ्याकडे फिरकलाच नव्हता. तो दुपारपासून कौले शाकारणाऱ्यांत मिसळून छपरावर बसला होता आणि त्याला अडचण एकाच गोष्टीची होती, ती म्हणजे उजेड. समई विझवायला कोणीतरी खोटा माणूस आत जाणे भाग होते. आपला माणूस पाठवला असता तर तो पकडला जाऊन टोळीचे नाव सांगून बसला असता. म्हणून त्याने ते काम प्रतिस्पर्ध्याकडून करून घेतले. समोरचा आपला बेत हाणून पाडल्याशिवाय राहणार नाही, यावर त्याचा पूर्ण भरवसा होता.

या प्रकाराच्या वाचकांना एक नियम पाठ असतो: चोरीचा बेत आधी सविस्तर सांगितला असेल तर तो फसणार, आणि सांगितलेला नसेल तर तो तडीस जाणार. कारण साधे आहे. सांगितलेला बेत जसाच्या तसा पार पडला तर वाचकाला तीच गोष्ट दोनदा वाचावी लागते. म्हणून लेखक तालमीतल्या वस्तादासारखा वागतो. पट्ठ्याला सगळे शिकवतो आणि एक डाव राखून ठेवतो. डाव राखून ठेवणे वेगळे आणि डोळ्यांत माती टाकणे वेगळे. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले, १९१२ मध्ये सुरू झालेले खासबाग मैदान अशा रीतीने बांधले आहे की गोलाकार कडेवर कुठेही बसले तरी मधली माती स्वच्छ दिसते, आणि तरीही डाव कधी पडला ते पुष्कळांना कळत नाही. चांगल्या कादंबरीत वाचकाची जागा अशी असते. एकच दिवा, उघडी कौले, प्रतिस्पर्ध्याचा स्वभाव, सर्व काही त्याच्या समोर होते. शेवटच्या पानावर चोराच्या खिशातून अचानक अदृश्य होण्याची अंगठी निघाली, तर ते पुस्तक मी पुन्हा हातात घेत नाही.

या उदाहरणात प्रतिस्पर्धी दुबळा असता तर काय झाले असते? त्याला समईची मर्यादा कळलीच नसती, बेत सरळ पार पडला असता आणि वाचकाने जांभई दिली असती. अशा कादंबरीला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे, नुरा कुस्ती. निकाल आधीच ठरलेला, नुसती माती उडवायची. दुर्दैवाने अशी पुस्तके पुष्कळ निघतात. त्यांत नायकाला सगळे येते आणि त्याच्या विरोधातली माणसे केवळ क्रूर असतात. क्रौर्य दाखवायला सोपे आणि अक्कल दाखवायला अवघड, त्यामुळे हे घडते असे माझे मत आहे.

पोलीस किंवा गुप्तहेर हाही चोराचा प्रतिस्पर्धी असतो. फ्रेंच लेखक मॉरिस लब्लाँ यांचा आर्सेन ल्यूपाँ हा सभ्य चोर १९०५ मध्ये जन्माला आला, आणि पुढच्याच वर्षी लब्लाँ यांनी त्याच्यासमोर थेट शेरलॉक होम्सला उभे केले. आक्षेप आल्यावर नावातली अक्षरे इकडची तिकडे करून हर्लॉक शोम्स करावे लागले. तिथे फँटसी नाही, पण जोडीची भूक तीच आहे. तरीही गुप्तहेराला चोर हवा असतो, चोराला मात्र वस्तू हवी असते. दोघांच्या वाटा एकमेकांना फक्त छेदतात. दुसऱ्या चोराला तीच वस्तू हवी असते, त्याच दाराने जायचे असते आणि चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक असल्यामुळे प्रत्येक पावलाला तोड काढता येते. ली बार्डुगो यांच्या २०१५ मधील ‘सिक्स ऑफ क्रोज’मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या धर्तीवर रचलेले केटरडॅम हे बंदराचे शहर आहे. तिथला कॅझ ब्रेकर हा पोरसवदा टोळीवाला साऱ्या कथाभर एका अशक्य तुरुंगाकडे निघालेला असतो, पण त्याच्या डोक्यात पेक्का रोलिन्स हा दुसऱ्या टोळीचा म्होरक्या कायम बसलेला असतो, आणि कॅझ असा का झाला याचे उत्तर त्या वैरात सापडते.

मला स्वतःला सर्वांत आवडते ती जोड स्कॉट लिंच यांच्या मालिकेतली. २००६ मध्ये तिचा पहिला भाग आला आणि व्हेनिससारख्या कालव्यांच्या कॅमोर शहरातला लॉक लमोरा वाचकांच्या घरचा झाला. २०१३ मधील तिसऱ्या भागात लॉकच्या समोर साबेथा येते. एकाच गुरूच्या हाताखाली, एकाच टोळीत वाढलेली ही दोघे एका परक्या शहराच्या निवडणुकीत दोन विरुद्ध पक्षांसाठी कारस्थाने करतात, आणि लॉकचे तिच्यावर लहानपणापासून प्रेम आहे. एका तालमीतल्या दोन पट्ठ्यांची कुस्ती लागली की आमच्याकडे मैदान चिडीचूप होते, कारण वस्तादाने जे शिकवले ते दोघांनाही येते. एकाने हात पुढे करण्याआधी दुसऱ्याला डाव कळलेला असतो. त्या पुस्तकातली जादू आणि राजकारण विसरले तरी चालेल, पण ज्या माणसाला आपण फसवू शकत नाही त्याच्याच प्रेमात असण्याची अडचण विसरता येत नाही.

चोरांची बाजू घेणे बरे का, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, आणि तो टाळता येत नाही. एका देवळाबाहेरून माझी नवी कोरी पायताणे गेली तेव्हा मला त्या चोराविषयी कसलेही कौतुक वाटले नव्हते, आणि तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालताना तर अजिबात नाही. मात्र त्या चोरीत बेत नव्हता, कसब नव्हते, समोर कोणी तोलामोलाचे नव्हते. मी तर मुळीच नव्हतो. कादंबरीतल्या चोराची बाजू आपण घेतो तेव्हा आपण बहुधा त्याच्या कसबाची बाजू घेत असतो, आणि लेखकही आपल्याला तसे करता यावे म्हणून बळी जाणारा धनिक अपहारवर्म्याच्या चंपेतल्यासारखा कंजूष दाखवतो. ही सोय लेखकाने किती वापरावी याला मर्यादा असावी असे मला वाटते. वरच्या उदाहरणातला पटवेकरी पहारेकऱ्यांच्या हाती सापडला होता. चोराने त्याला फसवले, दुसऱ्या चोराने धमकावले, आणि दोघेही आपापल्या वाटेने गेले. त्याचे पुढे काय झाले हे ज्या लेखकाला आठवते, त्याचे पुस्तक मी दुसऱ्याला वाचायला देतो.

शूद्रकाला ते आठवले होते. शर्विलकाला त्या नाटकात जोड नाही, असे मी बराच काळ समजत होतो, कारण तिसऱ्या अंकात त्याच्यासमोर झोपलेला विदूषक आहे आणि तो झोपेतच दागिन्यांचे गाठोडे त्याच्या हवाली करतो. मग चौथा अंक पुन्हा वाचला. शर्विलकाने चोरी केली ती मदनिकेला दास्यातून सोडवण्यासाठी. तो दागिने घेऊन तिच्याकडे येतो, आणि ते तिच्याच मालकिणीचे, वसंतसेनेचे, चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेवलेले आहेत हे मदनिका ओळखते. तू चारुदत्ताचा माणूस आहेस असे सांगून हे दागिने वसंतसेनेला परत कर, म्हणजे तूही चोर ठरणार नाहीस आणि चारुदत्तही ऋणातून सुटेल, असा बेत ती त्याला आखून देते. रात्रभर भिंत मोजणाऱ्या शर्विलकापेक्षा तिचा बेत सरस आहे. पण वसंतसेनेने आडून सारे ऐकलेले असते. शर्विलक चारुदत्ताचा निरोप्या बनून समोर येतो तेव्हा ती चेहऱ्यावर काही न दाखवता त्याचे खोटे तसेच पुढे चालवते: जो हे दागिने आणून देईल त्याला मदनिका देऊन टाकावी, असे चारुदत्तांनीच मला सांगून ठेवले आहे. शर्विलक गप्प होतो, आणि हिने आपल्याला ओळखले, असे स्वतःशीच म्हणतो.